त्या दिवशी मोटार ओरडली नाही

"पट्टा सापडला अन् तो काऊन तुटला ते समजलं, तं बाबा इथंच रायते. नाही तं उद्या आमाले गाव सोडा लागते," कवडू म्हणाला. "संग येता का, तेवढं सांगा."

रुक्मानं चपला आधीच पायात सरकवल्या होत्या. प्रश्न होता धनलालचा. तिचा हा चुलतभाऊ ओट्यावर बसून सुतळीचा तुकडा उकलत होता आणि मान वर करत नव्हता. एरवी सुट्टी लागली की या तिघांना घरात धरून ठेवायची कुणाची टाप नसे. नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाणारी एकही पायवाट त्यांनी शिल्लक ठेवली नव्हती. पण या उन्हाळ्यात धनलालची माय गेली होती, आणि कवडूच्या बापामुळे गेली असं सगळं गाव म्हणत होतं.

झालं होतं ते असं. धनलालच्या मायला, रामबाईला, ताप चढला तो उतरेचना. गावात मोटार एकच, धनलाल-रुक्माच्या आजोबांची, आबाजींची, म्हणजे गावचे जमीनदार मालगुजार लक्ष्मीचंद पटलांची. ती चालवायचा कवडूचा बाप दुधराम. सकाळी रामबाईला मागच्या सीटवर निजवलं, धनलाल तिच्या उशाशी बसला आणि मोटार गोंदियाच्या दवाखान्याकडे निघाली. जंगलातल्या नाल्यापाशी इंजिनातला पट्टा तुटला. हा पट्टा तुटला की मोटारीचा पंखा थांबतो, पाणी फिरवणारा पंप थांबतो आणि आतलं पाणी चुलीवरच्या आधणासारखं उकळायला लागतं. दुसरा पट्टा जवळ नव्हता. तिकडे विलायतेत लढाई सुरू झाल्यापासून असल्या वस्तू मिळतच नव्हत्या. दुधरामनं थांबत थांबत, पाणी ओतत मोटार पुढे रेटली. शेवटी इंजिन जाम झालं. तिथून बैलगाडी केली, पण गोंदियाजवळचं फुलचूर यायच्या आधीच रामबाईनं डोळे मिटले.

"यानं मोटारीकडे लक्षच देल्लं नाही," आबाजी म्हणाले, आणि दुधरामला आपण दिलेलं घर रिकामं करायला सांगितलं. बिचारा दुधराम एक शब्द बोलला नाही.

"पट्टा पाहून का होईल?" धनलालनं विचारलं. "माय येईल का वापस?"

"नाही येनार," रुक्मा म्हणाली. "पन ते काऊन गेली, हे तुले नाही का पायजे?"

धनलालनं सुतळी फेकली आणि तो उठला. "ज्याची चूक असंल त्याले मी सोडनार नाही. मग तो कोनी का असेना." हे तो कवडूकडे बघून म्हणाला. कवडूनं खाली पाहिलं. हे दोघं पहिलीपासून एकाच पाटीवर लिहिणारे, आणि आता एकमेकांशी धड बोलत नव्हते. रुक्माला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

रस्त्यात बोलणं असं नव्हतंच. शेवटी कवडूला राहवलं नाही. "अस्वल आलं तं रुक्माले पुढं करू. तिची बडबड आयकून ते आपोआप पळते."

"अन् तुले पायलं तं ते हसून मरते," रुक्मा म्हणाली. धनलालच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. तेवढंही पुष्कळ होतं.

नाला कोरडा पडला होता. धनलाल एका पळसाखाली थांबला. "इथं," तो म्हणाला. कवडू आणि रुक्मा वाळू धुंडाळू लागले. तेवढ्यात पलीकडच्या मोहाखाली पाचोळा खसखसला. खरंच अस्वल होतं! पिकून पडलेली मोहाची फळं ते मटामट खात होतं. तिघं पळसाच्या बुंध्याला चिकटून श्वास रोखून उभे राहिले. रुक्माच्या पायावर मुंग्या चढल्या, तरी तिनं हूं की चूं केलं नाही. खाऊन झाल्यावर अस्वल डुलत डुलत झाडीत गेलं.

"आता काऊन गप होती?" कवडू कुजबुजला.

"चूप. तिकडं पाय, त्या दगडापाशी."

अस्वल उभं होतं त्याच्या अलीकडे, एका दगडाच्या आडोशाला पट्टा पडला होता. रुक्मानं तो उचलला आणि लगेच हात झटकला. रबर फुगून लिबलिबीत झालं होतं. नख लावलं तर आत रुतत होतं. वाळूचे कण त्याला गच्च चिकटले होते आणि त्याला एक ओळखीचा वास येत होता.

"हे तं टोळीचं तेल," कवडू वास घेऊन म्हणाला.

टोळी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल इकडे घरोघरी असतं. बैलगाडीचं चाक कुरकुरलं की आसाला हेच तेल घालायचं. त्याला ओंगण म्हणतात. ओंगणाचा बांबूचा नळा प्रत्येक गाडीखाली लटकलेला असतो.

"मोटारीत ओंगण कायले?" रुक्मा म्हणाली.

धनलाल मागं उभा होता. "त्या दिवशी मोटार ओरडली नाही," तो एकदम म्हणाला.

मालगुजारांची मोटार सकाळी सुरू झाली की तो पट्टा डुकराच्या पिल्लासारखा किंचाळायचा. गावातली पोरं त्याची नक्कल करत.

"दुधरामभाऊनं सुरू केली तवा ओरडत होती. निघालो तवा तिचं ओरडनं बंद झालं होतं. माय म्हने, आज बरं वाटून रायलं, डोक्यात घन नाही पडत." त्या प्रवासाबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. "नाल्यापाशी आलो तं तिले झोप लागली होती."

कवडूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. धनलालनं तो झिडकारला नाही.

घरी आल्यावर रुक्मानं सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापले. एक टोळीच्या तेलात बुडवून ठेवला, दुसरा कोरडाच ठेवला. सकाळी तेलातला तुकडा सुजलेल्या बोटासारखा फुगला होता, कोरडा मात्र जसाच्या तसा होता.

"ओंगणाचा नळा गाडीवान उदारामजवळ असते," कवडू म्हणाला. "त्यानंच घातलं असंल."

"मग त्यालेच धरू. आबाजींसमोर," धनलाल म्हणाला.

अंगणात गाडी जुंपलेली होती. दुधराम आपली भांडीकुंडी तिच्यात ठेवत होता, उदाराम बैलांपाशी उभा होता आणि आबाजी ओट्यावर पाठ फिरवून बसले होते. रुक्मा सरळ त्यांच्यापुढे गेली. तिनं पट्टा ठेवला, ट्यूबचे दोन तुकडे ठेवले आणि सगळं सांगितलं. मग वळून म्हणाली, "उदारामभाऊ, मोटारीत ओंगण तुमीच घातलं ना?"

उदारामनं मान खाली घातली.

"त्याले नोको विचारू," आबाजी म्हणाले. "मी घातलं."

त्यांनी पट्टा हातात घेतला.

"निघाच्या येळी दुधराम पानी आनाले गेला होता, धनलाल अजून घरात होता. मोटार ओरडून राहिली होती अन् सूनबाई डोकं धरून कन्हत होती. सारा जनम गाड्या हाकल्या. ओरडते तिथं ओंगण घालाव, एवढंच मले ठाऊक. उदारामकडून नळा घेतला अन् ओतलं." त्यांनी तेलातला तुकडा उचलून ताणला. तो मधोमध तुटला. "म्हंजे सुनेले मीच मारलं."

"मालक, ताप लय होता," दुधराम पुढं येऊन म्हणाला. "दवाखान्यात पोचलो असतो तरी कोन सांगते..."

"तुझ्यावर आलं तवा तू गप राहिला. आता माझ्यावर आलं तं झाकू नोको. सामान उतरव तुझं." आबाजींनी तिघांकडे पाहिलं. "शाबास, पोट्टेहो. मोठ्यायनं पाहाले पायजे होतं ते तुमी पायलं."

आबाजींची शाबासकी म्हणजे गावात केवढी गोष्ट! एरवी तिघांनी उड्या मारल्या असत्या. आज रुक्माला हुंदका आवरेना, आणि कवडूचा बाप राहणार होता तरी कवडूसुद्धा डोळे पुसत होता.

आबाजी काठी टेकत उठले. "साऱ्या गावासमोर याले बोल लावला. आता चावडीवर जाऊन खरंही सांगा लागंल." वाटेत धनलाल उभा होता. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. आबाजी थांबले. नातवाला ओलांडून जायचा त्यांना धीर होईना.

"तिचं डोकं दुखत होतं, बापू," ते म्हणाले. "म्हणून..."

धनलालनं मुठी सोडल्या आणि म्हाताऱ्याचा मोकळा हात धरला. "चला. मी संग येतो."

"तुले यायचं काम नाही."

"तुमच्यानं एकट्यानं नाही होनार."

दोघं चावडीवर गेले. माणसं गोळा झाली. आबाजींनी दुधरामचं नाव घेतलं, त्याचा काही दोष नाही म्हणाले, आणि पुढचा शब्द त्यांच्या तोंडून फुटेना. उरलेलं सगळं धनलालनं सांगितलं, त्यांचा हात न सोडता.