रेशमाच्या खोलीबाहेरची सायकल

फरगाना खोऱ्यातल्या त्या गावात निरंजन ओतारी शिरला तेव्हा दिवस कलला होता आणि त्याच्या सायकलची बॅटरी पार तळाला गेली होती. त्याला काळजी नव्हती. सायकलच्या दांडीत 'वेचणी' बसवलेली होती. खांबावरून घराघरांत बिनतारी वीज सोडायचे दिवस आले, तेव्हापासून थोडी वीज हवेत सांडतेच. खळ्यावरचे सांडलेले दाणे चिमण्यांनी टिपावेत, तशी वेचणी ती टिपून घेई. कऱ्हाडच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या निरंजनला या फुकटच्या विजेचं भारी कौतुक. "मी कुणाच्या ताटातलं घेत नाही," असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. उझबेकिस्तानातली ती भली माणसं मान डोलवायची आणि पुढ्यात चहा ओतायची.

ज्या घरानं त्याला ठेवून घेतलं, तिथं म्हातारी हफीजाबुवी आणि तिची सून नोदिरा, दोघीच होत्या. बुवी म्हणजे तिकडची आजी. नोदिराचा नवरा रशियात कामाला. फोनमधला दुभाषी इकडचं बोलणं तिकडे करून देत होता. जेवण झाल्यावर निरंजननं रेशमाचे किडे बघायचा हट्ट धरला. घरातली सगळ्यात चांगली खोली किड्यांना दिली होती. माणसं ओसरीवर निजत.

"परक्यानं तिथं जायचं नसतं," बुवी म्हणाली. "नजर लागते."

निरंजन हसला. गावोगावी या विषयावर त्यानं व्याख्यानं झोडली होती. "बुवी, डोळ्यांतून काही बाहेर पडत नाही हो. उजेड आत येतो, एवढंच."

बुवीला ते पटलं नाही, पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून नोदिरानं आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. तुतीच्या पानांवर इवले इवले किडे चरत होते आणि कोपऱ्यात विजेची शेगडी मंद तापली होती. "थंडी मुळीच सोसत नाही यांना," नोदिरा म्हणाली. "यंदा पहिल्यांदाच सासूबाईंनी सगळं माझ्यावर सोपवलंय." मग निरंजननं दव लागू नये म्हणून सायकल वळचणीखाली त्याच खोलीच्या भिंतीला बाहेरून टेकवली आणि तो निवांत झोपला.

सकाळी नोदिराच्या रडण्यानं त्याला जाग आली. किडे पानांवरच मरून पडले होते. शेगडी तर चालू होती. बुवी पाहुण्याला चकार शब्द बोलली नाही. तशी रीतच नाही तिकडे. सगळा राग सुनेवर निघाला.

"सांगितलं होतं ना! दार कुणी उघडलं? आण ती किल्ली इकडे."

नोदिरानं मान खाली घालून किल्ली दिली.

"अहो, कसला तरी रोग असेल," निरंजन समजुतीच्या सुरात म्हणाला. "नजरेचा काय संबंध?"

बुवीनं वाळका पाला पेटवून धुरी केली आणि ती निरंजनवरून ओवाळली. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळतात तशीच. परक्या मुलखात त्याला कुणाची नजर लागू नये म्हणून. वर त्याच्या पिशवीत गरम नान भरले.

सायकल काढताना त्यानं बॅटरी पाहिली. काठोकाठ भरलेली. पहाटेच भरल्याची नोंद दिसत होती. एवढ्याशा गावात इतकी वीज सांडेलच कशी? त्यानं भिंतीकडे पाहिलं. पलीकडच्याच कोपऱ्यात शेगडी होती. सांडलेली वीज पुरेना, तेव्हा वेचणीनं शेगडीकडे हवेतून जाणारी वीज ओढली होती. सायकलचं पोट भरलं, मग शेगडी पुन्हा तापली. तो काही न बोलता निघाला.

गावाबाहेर चढ लागला. सायकल आपसूक चढू लागली, पायांना जरासुद्धा भार नाही. निरंजनला स्वतःची विलक्षण लाज वाटली. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. फक्त ती पोरगी जन्मभर बोलणी खाणार होती. त्यानं मोटर बंद केली आणि सायकल वळवली.

नोदिरा फाटकापाशी मेलेल्या किड्यांची पानं टाकत होती. "काही विसरलात का, आका?" तिनं विचारलं. थोरल्या भावाला तिकडे आका म्हणतात.

"हो," तो म्हणाला. बुवीलाही बोलावून त्यानं सगळं सांगितलं. "दार उघडलं नसतं तरी हेच झालं असतं. हिचा काही दोष नाही. रात्रभर त्या खोलीतली ऊब माझी सायकल खात होती."

दुभाष्याचं बोलणं संपलं. मग बुवीनं कमरेची किल्ली काढून सुनेच्या हातात ठेवली आणि निरंजनकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"म्हणजे परका आला, आमच्या घरातलं ओढून घेऊन गेला, आणि त्याचं त्याला कळलंसुद्धा नाही. आम्ही यालाच नजर म्हणतो, बेटा. तुमच्याकडे काय म्हणतात?"