बारा ओवलेल्या सुया

नीताच्या मांडीवर सासूची गोधडी पसरलेली होती, हातात अर्धं ब्लेड होतं आणि दारात सासू उभी होती.

वेणूबाई भजनाला म्हणून निघाल्या होत्या. मिश्रीची डबी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरल्या. भर दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. नीताने गोधडी घाईघाईने गुंडाळायला घेतली, पण वेणूबाई पुढे आल्या, वाकल्या आणि त्यांनी ती चाचपून बघितली. डोळ्यांनी नाही, बोटांनी. एका कडेचे वीतभर टाके उसवलेले होते. दोऱ्याचे तुकडे नीताच्या पदरात पडले होते.

"माजी गोधरी उसवतेस?" त्यांनी विचारलं.

नीता गप्प राहिली. एका वाक्यात खुलासा झाला असता, पण ते वाक्यच तर तिला बोलायचं नव्हतं... आणि गप्प बसणाऱ्या सुनेबद्दल सासूने काय समजायचं ते वेणूबाईंनी समजून घेतलं.

आता वेणूबाई कोण ते सांगायला हवं. करंजाड्याच्या जुन्या गावात त्यांच्या हाताची गोधडी म्हणजे शेवटचा शब्द. धावदोरा असा, की तांदळाचे दाणे एका ओळीत मांडावेत. दोऱ्याला गाठ म्हणून मारायची नाही, कारण गाठ बाळाच्या अंगाला टोचते. गोधडी पुरी झाली की दृष्ट लागू नये म्हणून कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचा एक टाका घालायची तिथे रीत होती. बाकीच्या बायका एक आडवा टाका घालत, वेणूबाई फुली घालत. फुली दिसली की गोधडी कुणाची ते विचारायचं काम नाही.

आजूबाजूला प्लॉट पडले, इमारती उभ्या राहिल्या. वेणूबाईंची भातशेती गेली, पाठोपाठ मालक दयाराम गेले, आणि उभा जन्म शेताच्या बांधावर राबलेल्या बाईच्या हातात राहिली फक्त सुई. मग नव्या वसाहतीत राहायला आलेल्या ओगलेबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेने गावदेवीच्या सभामंडपात बायका जमवल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बसायचं, जुन्या मऊ लुगड्यांच्या लहान गोधड्या शिवायच्या, आणि डोंगराकडच्या कातकरी वाड्यांवर जन्मलेल्या प्रत्येक बाळाला एक द्यायची. आरोग्य केंद्राची नर्स गठ्ठा घेऊन जाई. ओगलेबाई मास्तरीणच ती, प्रत्येकीची गोधडी उलटसुलट करून तपासायची. फक्त फुलीवालीला हात लावत नसे. वेणूबाईंचं काय तपासायचं?

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. वर्षभरापासून वेणूबाईंना दिसेनासं झालं होतं. चार हातांवरचं माणूस अजून ओळखू यायचं, पण मांडीवरचा टाका नाही. धावदोरा भरकटायला लागला. मधेच एखादा टाका बोटभर लांब सुटायचा आणि त्याचा सैल फासा वर राही. नीताने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्या फाशात सहज करंगळी घालून बघितली. करंगळी आत गेली, आणि ओढली तशी दोरा आवळला. तान्ह्या बाळाच्या पायाचं बोट केवढं असतं?

तेव्हापासून वेणूबाई भजनाला गेल्या की नीता त्यांची गोधडी काढायची, वाकडे टाके उसवायची आणि त्याच भोकांतून सासूसारखे बारीक टाके घालायची. फुलीला मात्र तिने कधी धक्का लावला नाही. सकाळी स्वयंपाकाआधी बारा सुया ओवून सासूच्या सुया टोचायच्या छोट्या उशीवर लावून ठेवायची. वेणूबाईंना वाटे, कालच्याच उरल्यात. किंवा तसं वाटून घेणं त्यांना सोयीचं होतं, देव जाणे. सुईला दोरा लागत नाही हे त्यांनी स्वतःलाही कधी बोलून दाखवलं नव्हतं. डॉक्टरचं नाव काढलं की जेवण टाकायच्या.

तुम्ही म्हणाल, सरळ सांगून टाकायचं. पण नीताचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. उरणकडच्या माहेरी आई नाही, नवरा धनेश बंदरावरच्या यार्डात पाळ्या करणारा, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तेव्हा वेणूबाईंनी ना उपदेश केला ना गळा काढला. तिच्या शेजारी बसल्या, तिच्या हातात सुई दिली आणि म्हणाल्या, "एक ओळ घाल. उद्या दुसरी." त्या एकेका ओळीने नीता उठून बसली, पुढे तिला पूर्वी ही मुलगी झाली, घर हसतं झालं. ज्या हातांनी आपल्याला जगात परत आणलं, त्या हातांना 'तुम्ही आता कामाचे नाही' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? नीताला ते जमलं नाही. बस्स, एवढीच तिची चूक.

मंगळवारी सभामंडपात नीतासकट सगळ्या बसल्यावर वेणूबाईंनी विषय काढला. आवाज चढवला नाही, म्हणून तो जास्त लागला. आपली सून आपल्या गोधड्या चोरून उसवते, सासूचं नाव होतं ते तिच्या डोळ्यांत खुपतं, आणि उद्या ही दुसऱ्यांच्याही उसवेल, असं त्या म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "माजी सुई मी आजून कुनाकडून ओवून घेतली नाय. ती पाळी येल त्या दिवशी मी सुई खाली ठेवीन. पन तवर माज्या कामाला कुनी हात लावायचा नाय."

त्यांच्यासमोरच्या उशीवर नीताने सकाळी ओवलेल्या सुया टोचलेल्या होत्या. नीताने त्या बघितल्या आणि मान खाली घातली. ओगलेबाईंनी तिला सांगितलं की काही दिवस तू येऊ नकोस. वेणूबाईंची बालपणापासूनची मैत्रीण जनी काहीतरी बोलायला गेली, पण नीताने नजरेनेच तिला थांबवलं. जनीला सगळं ठाऊक होतं की नुसता संशय होता, ते तिचं तिला माहीत.

त्या दिवसापासून वेणूबाई गोधडी लोखंडी पेटीत कुलपात ठेवू लागल्या, आणि किल्ली कमरेला. घरात सुनेशी कामापुरतं बोलणं. धनेशने आईला विचारलं, बायकोला विचारलं, दोघींकडूनही काही हाती लागलं नाही तेव्हा वैतागून त्याने नाद सोडला. नीता रडली, नाही असं नाही; मोरीत नळ सोडून रडली. पण रोज सकाळी बारा सुया ओवायची ती ओवतच राहिली.

एक गोष्ट मात्र तिच्या जिवाला खात होती. पेटीतली गोधडी तशीच पुढे जाणार! न राहवून ती ओगलेबाईंच्या घरी गेली आणि म्हणाली की बाई, गठ्ठा जाण्याआधी सगळ्याच गोधड्या तपासा. बाईंनी विचारलं, वेणूबाईंच्याही? नीता म्हणाली, सगळ्याच. बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूवरचा राग बाळांच्या गोधड्यांवर काढू नकोस, एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

तीन आठवड्यांनी एका शुक्रवारी व्हायचं ते झालं.

नव्या रस्त्यावरून डंपर जायचे म्हणून नीता सासूला सभामंडपाच्या पायरीपर्यंत सोडायला जाई, एवढं मात्र वेणूबाईंनी बंद केलं नव्हतं. त्या दिवशी पायरीवरूनच नीताला नर्स दिसली आणि तिच्या हातातली गोधडी दिसली. नर्स शांतपणे सांगत होती. वाडीवरच्या वीस दिवसांच्या मुलीच्या पायाचं बोट टाक्याच्या फाशात अडकलं. आईला वाटलं पोर पोटदुखीने रडतंय. सकाळपर्यंत बोट काळंनिळं पडलं होतं. दोरा कापला, आता रक्त फिरलंय, बोट वाचलं. पण आणखी उशीर झाला असता तर वाचलं नसतं.

सगळ्या बायका गोधडीच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. तिथे काळी फुली होती.

"कुनाची हाय गोधरी?" वेणूबाईंनी विचारलं. त्यांना फुली दिसत नव्हती. त्या एकेकीच्या तोंडाकडे मान वळवत होत्या. जनीने पदर तोंडाला लावला.

नीता चपला काढून वर आली.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "आईंच्या गोधडीचे टाके मी उसवले आणि घाईत कसेतरी परत घातले. आईंचा त्यात काही दोष नाही."

ओगलेबाईंचा संताप झाला. म्हणजे तुला ठाऊक होतं, म्हणूनच तपासा म्हणत होतीस, असं त्या म्हणाल्या. लेकराच्या जिवाशी खेळलीस, पुन्हा या पायरीवर पाऊल टाकू नकोस, असंही म्हणाल्या. नीता मान खाली घालून ऐकत राहिली. तिला वाटलं, चला, निभावलं. आपलं काय, आपलं नाव एकदा गेलंच आहे. गेलेलं नाव आणखी कुठे जाणार?

"ती गोधरी मना द्या," वेणूबाई म्हणाल्या.

त्यांनी ती मांडीवर घेतली. कोपरा शोधला, फुलीवरून अंगठा फिरवला. मग हळूहळू एकेक ओळ चाचपत गेल्या. मध्यावर कापलेला दोरा लागला. त्याच्या पुढे आणखी एक फासा होता. त्यांची करंगळी त्यात गेली आणि तिथेच थांबली.

या गोधडीचा पहिला टाका त्यांनी त्या मंगळवारनंतर घातला होता. ती मांडीवर नसेल तेव्हा पेटीत, आणि किल्ली कमरेला. धनेशलाही त्यांनी हात लावू दिला नव्हता. नीता खोटं बोलत होती. चारचौघींत, लेकराच्या जिवावर उठल्याचा आळ अंगावर घेऊन खोटं बोलत होती... आणि मग वर्षभर ती काय उसवत होती, काय घालत होती, ते वेणूबाईंना एका क्षणात उमगलं. आंधळ्या आपण नुसत्या डोळ्यांनीच झालो नव्हतो.

"ती काय सांगते ते खरं नाय," त्या म्हणाल्या. "ही गोधरी माज्या पेटीत कुलपात होती. हिचा हात लागलाच नाय, म्हनून तर त्या लेकराचा पाय अडकला. जवर हिचा हात लागत होता तवर एक पन गोधरी परत आली नव्हती."

"आई, राहू द्या ना..." नीता पुटपुटली.

"गप. चारचौघींत बोलले, तर चारचौघींतच फेडीन." त्यांचा आवाज फाटला. "बायांनो, मना दिसत नाय. वर्स झाला. ही सून नाय, माजे डोले हाय, आनि मी तेच फोडायला निगाले होते."

वेणूबाईंना रडताना गावाने दयाराम गेले तेव्हाही बघितलं नव्हतं, आजही बघितलं नाही. जनी मात्र मोकळेपणाने रडली. ओगलेबाई उठल्या, नीताजवळ गेल्या. त्यांनी नुसता तिचा हात धरला. नंतर त्या एवढंच म्हणाल्या की न तपासण्यात आपलीही चूक झाली, यापुढे माझीसुद्धा गोधडी दुसरीने तपासायची. नर्सने वेणूबाईंना विचारलं की सोमवारी डोळ्यांचे डॉक्टर येतात, याल का. त्या म्हणाल्या, नीता आणील तर येईन.

मग त्यांनी उशीवरच्या ओवलेल्या सुया एकेक करून बोटांनी मोजल्या. बारा. त्या सगळ्या त्यांनी बाजूला सारल्या. पिशवीतून एक कोरी सुई काढली, दोऱ्याचं रीळ काढलं आणि दोन्ही सुनेपुढे धरलं.

"सुई ओव," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

ओवून घ्यायची पाळी आली की सुई खाली ठेवीन, हे त्यांचं त्या मंगळवारचं बोलणं सगळ्यांच्या लक्षात होतं. नीताने सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि ओवायला गेली. दोरा बाजूने गेला. पुन्हा गेली, पुन्हा बाजूने. डोळ्यांतल्या पाण्याने तिला भोकच दिसेना.

वेणूबाई हात पुढे करून वाट बघत होत्या. बराच वेळ झाला तेव्हा त्यांनी विचारलं, "का गं, तुला पन दिसत नाय का?"

नीता रडता रडता हसली, आणि चौथ्या खेपेला दोरा लागला.