जागायची पाळी

सयाजीचं एक ठाम मत होतं: मशीन कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतं ते गिऱ्हाईक. "मी काही केलंच नाही, आपोआप झालं," असं म्हणणाऱ्याने हमखास चहा सांडलेला असतो. सीबीडी बेलापूरच्या एका गाळ्यात बारा वर्षं कम्प्युटर दुरुस्त करून त्याने हे ज्ञान मिळवलं होतं, आणि त्याचा त्याला जरासा तोराही होता.

त्यामुळे दिवाळे गावातल्या भाग्यश्रीने फोनवर "दादा, कम्प्युटर झोपतच नाय," अशी तक्रार केली, तेव्हा तो गालातल्या गालात हसला आणि दुपारी बॅग घेऊन निघाला.

घर खाडीला लागूनच होतं. ओट्यावर जवळा वाळत घातलेला. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर मशीन, समोर एक लाकडी खुर्ची. खिडकीतून जेट्टी आणि ओहोटीने उघडा पडलेला चिखल दिसत होता. आतल्या खोलीतून घोरण्याचा संथ आवाज येत होता.

"सासूबाई झोपल्यात," भाग्यश्री हळूच म्हणाली. "कंपनीचं मशीन हाय, दादा. मी घरूनच काम करते. दहा मिनटं हात नाय लावला तर झोपायला पायजे, पण दिवसरात चालूच. डब्याला हात लावला तर चटका बसतो. जळलं तर नोकरी जाईल माजी."

सयाजीने नेहमीची तपासणी केली. कुठला प्रोग्राम मशीनला जागं ठेवतोय, ते विचारलं. मशीनने उत्तर दिलं: कुठलाच नाही. त्याने शेवटचा हात लागून किती सेकंद झाले, हे दाखवणारा आपला छोटासा प्रोग्राम लावला. मग माऊस काढला, कीबोर्ड काढला, इंटरनेटची वायर काढली आणि तो खुर्चीवर बसला.

अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. आणि एकदम शून्य.

जोडलेलं तर काहीच नव्हतं. आकडे पुन्हा चढू लागले. या वेळी त्रेपन्नवर शून्य. मग एकतीसवर.

"चहा घ्या," भाग्यश्री म्हणाली. "आवाज नका करू हां. आई आत्ता कुठे झोपायला लागल्यात."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिचे सासरे तुळशीराम चिंबोऱ्या धरायला होडी घेऊन गेले, ते आलेच नाहीत. ना माणूस सापडला, ना होडी. आणि या घरची रीत अशी, की घरची होडी पाण्यात आहे तोवर एकाने खिडकीत जागं बसायचं. जो तोंडाने "मी जागतो" म्हणेल, त्याची पाळी. दुसरा कोणी तसंच म्हणाला तरच ती सुटायची, नाहीतर होडी आल्यावर. सासूबाई, म्हणजे धोंडूबाई, दोन वर्षं त्याच खुर्चीत बसून होत्या. डुलकी लागायची, की दचकून डोळे उघडायच्या.

"डॉक्टर बोलले, असंच चाललं तर हार्ट टिकनार नाय. सगलं करून बघितलं. मंग एक दिवस वैतागून मीच कम्प्युटरचा आवाज काढून बोलले, आई, तुमी झोपा, मी कम्प्युटर जागतो. मस्करीत हो! तर उठून गेल्या ना आत. तवापासून अशा गाढ झोपतात."

"कधीची गोष्ट?"

"तीन आठवडे झाले."

"आणि मशीन कधीपासून बिघडलंय?"

भाग्यश्रीने मशीनकडे पाहिलं. पडद्यावर आकडा सत्तेचाळीसपर्यंत गेला आणि दचकून शून्यावर आला.

सयाजीला स्वतःचाच राग आला. दुरुस्तीला आलोय की गप्पा मारायला? त्याने माऊस-कीबोर्ड परत जोडले, मशीनला जागं करू शकणारं प्रत्येक सेटिंग एकेक करून बंद केलं आणि झोपेची आज्ञा दिली.

पडदा काळा झाला. पंखा मंदावत थांबला.

आतलं घोरणंही थांबलं.

धोंडूबाई भिंत धरत दारात आल्या. ओठ निळसर पडले होते.

"कोन जागा हाय?"

"आई, झोपा ना तुमी."

"माजा मानूस पान्यात हाय. कोन जागा हाय?"

त्या खुर्चीकडे निघाल्या. भाग्यश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती त्या घरची सून होती, त्या शब्दांची किंमत जाणून होती.

सयाजीला म्हातारीची फार दया आली. तो खुर्चीवरून उठून म्हणाला, "मी जागतो, आजी. तुम्ही निवांत झोपा."

धोंडूबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या गालावरून हात फिरवला. हाताला चिखलाचा वास होता.

"बरं, पोरा."

त्या आत गेल्या. थोड्याच वेळात घोरणं सुरू झालं.

"असं बोलायचं नव्हतं, दादा," भाग्यश्री कुजबुजली. सयाजी हसला आणि वायरी गुंडाळू लागला.

पाचव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. सयाजी गाळ्यात एक लॅपटॉप उघडून बसला होता. पाच दिवसांत त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दमल्यासारखं मात्र वाटत नव्हतं. मधूनमधून तो नुसता दचकायचा.

"मशीन मस्त झोपतंय, दादा."

"आणि आजी?"

"त्यापन." ती थांबली. "आत्ता जरा उठल्यात. तुमाला विचारतायत..."

"काय?"

"होडी दिसली काय?"

गाळ्याला खिडकी नव्हती. समोर पिवळट भिंत, तिच्यावर कॅलेंडर. सयाजीने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, मान वर केली आणि डोळे बारीक करून भिंतीकडे नीट पाहिलं.

"अजून नाही," तो म्हणाला. "सांगा त्यांना, पाणी आत्ता कुठे चढायला लागलंय."