झाडाखालून बोलतोय

माझा थोरला मुलगा खोटारडा आहे.

पोटच्या पोराबद्दल असं चारचौघांत लिहू नये, एवढं मलाही कळतं. पण गेल्या रविवारी त्याने रेडिओवर ठोकून दिलं की ते पक्ष्यांचे आवाज त्याने स्वतः पहाटे उठून रेकॉर्ड केले होते.

हा? पहाटे? केस पांढरे झाले तरी याला उठवायला अजून मीच लागते.

म्हणून लिहायला बसले. मी चौथीपर्यंत शिकले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ मोजत बसू नका. माझी नात ठकी मला या पानावरच्या गोष्टी वाचून दाखवते. त्यातल्या निम्म्या बनावट, हे मला वासावरून कळतं. ही माझ्या घरात घडलेली आहे आणि अजून संपलेली नाही. ज्याला पटत नाही त्याने खुशाल उठावं. मी कुणाला हात धरून बसवलेलं नाही.

मागच्याच्या मागच्या रविवारची गोष्ट. संध्याकाळचे साडेपाच. बाहेर लख्ख उजेड.

आमची इमारत तीन मजली. नवऱ्याने बांधली, मी राखली. पहिल्या मजल्यावर आम्ही, वरच्या दोन्हींवर भाडेकरू, आणि गच्चीवर एक खोली. त्या खोलीत थोरल्याचा रेडिओ. आसपासच्या चार-पाच गल्ल्यांत ऐकू जाईल, इतपतच. दर रविवारी पाच ते सहा 'हिरवा तास' लागतो. सगळं थेट. कुणी बासरी घेऊन येतं, कुणी गिटार, शाळेतली पोरं गातात. गाण्यांच्या मधे थोरला सांगतो, पाणी जपा, कचरा वेगळा करा, शेजाऱ्याला सांभाळा, झाड वाचवा.

आवाज लोण्यासारखा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरात हाच दात घासताना नळ सोडून ठेवतो.

इमारतीसमोर एक मोठं झाड होतं. त्याची एक फांदी थेट आमच्या गच्चीच्या कठड्याला टेकायची. झाडाखाली इस्त्रीवाल्याची गाडी. कोळशाची इस्त्री, बावीस वर्षं तीच जागा. छोटा रेडिओ सुतळीने खोडाला बांधलेला.

'हिरवा तास' लागला की तो खालून वर फोन करायचा. गाण्याची फर्माईश कधी केली नाही. आधी खोकायचा. मग म्हणायचा, "नमस्कार मंडळी, झाडाखालून बोलतोय. आज झाडावर तीन साळुंक्या, एक खार. बाकी सावली भरपूर."

आणि मग इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज. ठक.

एवढंच. पण लोक त्यासाठी थांबायचे. शाळेतली पोरं एकमेकांना निरोप देतानासुद्धा म्हणायची, बाकी सावली भरपूर.

भानगड झाली ती एरियलमुळे. वारा सुटला की फांद्या एरियलला घासायच्या आणि रेडिओ खरखरायचा. आता झाडं वाचवा म्हणून घसा कोरडा करणाऱ्याने फांद्या तोडायची परवानगी कोणत्या तोंडाने मागायची?

त्याने मागितलीच नाही.

महिन्याभरात झाड वाळलं. पानं अशी गळाली, जशी कुणी हलवून पाडावीत. मग थोरला रेडिओवर त्या लोण्याच्या आवाजात म्हणाला, "आपलं झाड गेलं, मंडळी. कुणाचं नाव घेत नाही. पण बावीस वर्षं मुळाशी निखारे ओतल्यावर दुसरं काय होणार?"

नाव घ्यायची गरज होती का?

दोन दिवसांत लोकांनी कपडे द्यायचे बंद केले. कुणीतरी त्याच्या पेटत्या इस्त्रीवर बादली उपडी केली. तेव्हा तो माझ्या दारात आला. चपला बाहेर काढून, उंबऱ्याच्या पलीकडेच उभा राहिला.

"मालकीणबाई, तुम्ही रोज बघता. मी निखारे कधी मुळाशी टाकलेत का हो? विझवून डब्यात भरून नेतो. तुम्ही एक शब्द बोललात तर लोक ऐकतील."

मला सगळं ठाऊक होतं. आमच्या ह्यांची ड्रिल माळ्यावर पेटीत असते. त्याच्या महिनाभर आधी मी ती पेटी उघडली, तर ड्रिलच्या टोकाला ओलसर, पांढरट भुसा अडकलेला. ओल्या लाकडाचा. शेजारी रिकामी बाटली, नाक जाळणारा वास. भोकं पाडून आत ओतलं होतं पोराने.

मी काय केलं? चिंधी घेतली. ड्रिल स्वच्छ पुसली. पेटी बंद केली.

आणि इस्त्रीवाल्याला म्हटलं, "रेडिओवर सांगितलंय म्हणजे काहीतरी असेलच ना."

त्याने चपला घातल्या आणि निघून गेला.

झाड कापून नेलं. बुंधा राहिला. तो मात्र गाडी घेऊन तिथेच उभा राहायचा. उन्हात, रिकाम्या गाडीपाशी. एका रविवारी तिथेच कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. त्या दिवशी वरच्या खोलीतला फोन बराच वेळ वाजत होता, मी जिन्यात होते, मी ऐकला. थोरल्याने उचलला नाही. खाली इस्त्रीवाल्याच्या हातात फोन होता आणि त्याच्या रेडिओवर आमचंच गाणं चालू होतं.

आता त्या रविवारी काय झालं ते ऐका.

थोरल्याच्या डोक्यात टूम आली की झाडांसाठी मौन पाळायचं. "एक मिनिट तर सगळेच पाळतात आई, आपण तीन मिनिटं!" म्हटलं, रेडिओवर मौन? म्हणजे खाणावळीत उपास. पण आमचं ऐकतो कोण.

त्या खोलीत एक मशीन आहे. रेडिओ दहा सेकंद मुका राहिला की ते आपोआप गाणं लावतं, लोकांना वाटू नये की बंद पडला. ते मशीन सांभाळणारा थोरल्याचा मित्र, त्याला मी वायरवाला म्हणते. मौनाआधी ते बंद करायला हवं होतं. दोघेही शहाणे विसरले.

मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. रेडिओ ओट्यावर. थोरला म्हणाला, "खोलीतल्या सगळ्यांनी हेडफोन काढा, डोळे मिटा. मौनानंतर माझी लेक गाणार आहे."

त्याची लेक म्हणजे ठकी. अकरा वर्षांची. माझा जीव.

मौन सुरू झालं.

मशीन बंद केलं की रेडिओत बारीक टिक वाजते, ती वाजली नव्हती. मी मनात म्हटलं, आता दहा सेकंदांत गाणं लागणार आणि याची फजिती होणार. मजा म्हणून एकेक दाणा टाकत मोजायला लागले.

आठ. नऊ. दहा.

अकरा.

बारा...

गाणं लागलं नाही.

माझा हात थांबला. मशीन गाणं लावत नाही, म्हणजे मशीनला काहीतरी ऐकू येतंय.

मी रेडिओला कान लावला...

पानं.

पानांची सळसळ होती. दाट, भरलेल्या झाडाची. मग साळुंकी. मग खारीचं ते चिर्र, चिर्र. मी खिडकीतून पाहिलं. खाली बुंधा. त्यावर कुणाची तरी सायकल टेकवलेली. गल्लीत पान हलत नव्हतं, हलायला पानच नव्हतं.

मग रेडिओवर कुणीतरी खोकलं...

"नमस्कार मंडळी. झाडाखालून बोलतोय."

माझ्या मांडीवरचं ताट खाली पडलं.

"आज झाडावर..."

थांबला. नेहमी वर बघून मोजायचा, तसा.

"आज झाडावर साळुंकी नाही. खार नाही. एक पोरगी."

"अजून पोचली नाही."

"येतेय..."

माझे गुडघे गेली सहा वर्षं जिना चढत नाहीत. त्या दिवशी चढले. दुसऱ्या मजल्यावर बंद दारांच्या आतून तेच पक्षी. तिसऱ्या मजल्यावर तेच. सगळ्या घरांत 'हिरवा तास' लागलेला, आणि प्रत्येक दाराआडून तो शांतपणे सांगत होता...

"कठड्यापाशी आली."

"चढली."

गच्चीचं दार उघडं होतं. रेडिओच्या खोलीच्या काचेतून दिसलं, सगळे डोळे मिटून बसलेले. थोरला हात जोडून, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा. एक खुर्ची रिकामी.

ठकी कठड्यावर उभी होती. माझ्याकडे पाठ. एक पाय बाहेर, हवेत. अगदी निवांत, ओळखीच्या फांदीवर ठेवावा तसा.

मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर दचकली असती. मागून जाऊन फ्रॉक धरला आणि आख्ख्या अंगाचं वजन मागे टाकलं. दोघी फरशीवर आपटलो. माझं कोपर अजून काळंनिळं आहे.

ती रडली नाही. माझ्याकडे बघून रागावून म्हणाली, "आजी, का ओढलंस? इस्त्रीवाले काका हात देत होते. म्हणाले, ऊन फार आहे, सावलीत ये."

तेवढ्यात सगळ्या मजल्यांच्या उघड्या खिडक्यांतून एकदम आवाज आला...

ठक.

आणि गाणं सुरू झालं. दहा सेकंदांनी. मशीनला आता काही ऐकू येत नव्हतं.

वायरवाला बाहेर आला तो भिंत धरत. त्याला मौनाच्या मधेच आठवलं होतं की मशीन चालू राहिलंय. डोळे उघडून पाहिलं, तर आवाज दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्या वरखाली नाचत होत्या. खोलीत चिटपाखरू हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो चाव्या देऊन गेला. पुन्हा फिरकला नाही.

आणि लोक? लोकांचे फोनवर फोन. काय सुंदर पक्षी! कुठे रेकॉर्ड केलंत? माणसाचा आवाज एकालाही ऐकू आला नव्हता. मी शेजारणीला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, "नाही हो, नुसते पक्षी. माझा तर डोळा लागला."

थोरल्याने सगळं कौतुक आपल्या खिशात घातलं. गेल्या रविवारी छाती फुगवून सांगितलं, पहाटे उठलो, कष्ट घेतले. वर जाहीर केलं की येत्या रविवारी पुन्हा तेच ऐकवणार, पुन्हा मौन, आणि ठकीचं राहिलेलं गाणं होणार. सून म्हणाली पोरीला पाठवणार नाही, तर तिच्यावर खेकसला, "रेडिओचं नाव झालंय, आता माघार नाही."

ठकी हल्ली रोज दुपारी कठड्याकडे बघत बसते. मी गच्चीला कुलूप लावलंय, किल्ली फक्त माझ्याकडे आणि थोरल्याकडे. परवा हळूच विचारत होती, "आजी, किल्ली कुठे ठेवतेस?"

आज शनिवार. दुपारी मी वर गेले. थोरला उद्यासाठी त्या रविवारच्या तासाचं मशीनने आपोआप टिपून ठेवलेलं रेकॉर्डिंग लावून बघत होता. मी दारातच उभी राहिले.

पानं वाजली. साळुंकी वाजली. खार वाजली.

खोकला यायच्या आधी... त्याचा हात पुढे गेला. त्याने आवाज बंद केला. मनातल्या मनात मोजलं. मग पुन्हा वाढवला. नेमका तेवढाच तुकडा गेला.

म्हणजे त्यालाही ऐकू येतं.

"का रे कमी केलास?"

दचकला. "कुठे काय? खरखर होती जरा. दुसरं कुठलं तरी स्टेशन मिसळलं असेल. आई, तू चढून कशाला आलीस? गुडघे बघ तुझे."

"गुडघ्यांचं माझं मी बघते. तू वापरलेली ड्रिल मी पुसली, हे तुला माहीत आहे का?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हा माझं लक्ष त्याच्या मागच्या भिंतीवर गेलं. दुपारचं ऊन खिडकीतून भिंतीवर पडलं होतं, आणि त्या उन्हात...

पानांची सावली हलत होती.

दाट. भरपूर.

बाहेर झाड नाही. खोलीत वारा नाही. थोरल्याने मागे वळून पाहिलं नाही. पण मान अशी आखडून धरली होती की मला कळलं, हे तो रोज बघतो.

मी खोलीची किल्ली कमरेला खोचली आणि त्याला म्हटलं,

"झाड तू मारलंस. माणूस आपण दोघांनी मारला. उद्या पाच वाजता मौन नाही, पक्षी नाहीत, ठकी नाही. माईक उघडायचा आणि आधी तू बोलायचं, खरं खरं, त्याचं नाव घेऊन. तू नाही बोललास तर मी बोलेन. आणि आपण दोघंही पुन्हा गप्प बसलो, तर बाळा, मग तो बोलेल. दहा सेकंद मोज आणि बघ."