शिडावरचा पाहुणा

घाटकोपरला मी गेलो होतो ते सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, पोचवायला, दुसरं काही मनात नव्हतं. सीतारामची मुलगी तेजल तिथे चौथ्या मजल्यावर राहते. त्या इमारतीत मासे खाणारं घर तेवढं एकच, म्हणून लिफ्टमध्ये शिरलो की मी पिशवीचं तोंड मुद्दाम सैल सोडतो. शेजारीण नाकाला ओढणी लावून विचारते, "काका, हे काय आहे?" मी म्हणतो, "अत्तर. माहुलचं. लावू का थोडं?" मग ती जिन्याने जाते आणि लिफ्ट माझी एकट्याची होते. म्हाताऱ्या माणसाला एवढं सुख पुरतं.

तर सीताराम. तो आणि मी माहुल गावात एकाच होडीवर वाढलो, एकाच बाकावर नापास झालो. इंग्रजीच्या पेपरात तो माझं बघून लिहायचा आणि मी त्याचं. गेल्या दिवाळीत त्याला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. तेजलने त्याला उचलून आपल्या घरी आणलं, खिडकीशी मऊ खुर्चीत बसवलं. पोरीने बापाचं सगळं केलं. पण त्या दिवशी सोडे डब्यात भरताना ती म्हणाली, "धाकूकाका, बाबांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही."

"म्हणजे गं?"

"फोनमध्ये त्यांचे फोटो आहेत. आवाज नाही. कधी रेकॉर्ड करावा असं वाटलंच नाही. आता आठवायला गेले की नीट आठवतही नाही. एकदा मला 'तेजू' म्हणाले ना, तर बास."

मी टवाळ माणूस, पण यावर काय टवाळी करणार. डॉक्टर म्हणाले होते, जुन्या गोष्टी दाखवा, जुन्या गोष्टी बोला. तेव्हा मला तो सिनेमा आठवला.

आमच्या गावाशेजारी तेलाचे कारखाने आले, त्यांचे साहेब अधूनमधून गावात फुकट सिनेमा दाखवायचे. किनाऱ्यावर दोन काठ्या रोवून त्यावर होडीचं शीड ताणायचं, तोच पडदा. अर्धं गाव पुढून बघायचं, अर्धं मागून. मागच्यांना सगळे डावखुरे दिसत, तरी कोणी तक्रार करत नसे. एकदा इंग्लंडहून आलेलं एक काळंपांढरं चित्र लावलं. अंतराळातला कोणी पाहुणा एका गावात उतरतो, असलं काहीतरी. पैसा बेताचा असणार. उडती तबकडी म्हणजे ताटली, आणि तिची दोरी शेवटच्या रांगेतूनही दिसत होती. रस्त्यावरून दर वेळी जाते ती गाडी एकच. पाहुण्याला शिंग नाही, शेपूट नाही. लांब कोट घातलेला एक उंच माणूस, बस. धुक्यातून येतो आणि एका घराच्या दारात उभा राहतो.

पहिल्याच रिळाला आवाजाचा भोंगा मेला. साहेबाचं तोंड पडलं, गाव उठायला लागलं. तेव्हा मी शिडाशेजारी उभा राहिलो आणि सांगायला सुरुवात केली. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, म्हणूनच अडलो नाही. मी सांगितलं, हा कोळ्याचाच पोर आहे, वादळात बुडाला होता, आता घरी आलाय. त्याच्या तोंडची वाक्यं सीताराम बोलायचा. मी म्हणायचो, "आणि तो म्हणाला..." आणि गप्प व्हायचो. मग सीताराम त्या भरदार, ओल्या आवाजात बोलायचा, "दार उघड गो आये, दर्यान जाम थंडी हाय."

बाया पदर डोळ्यांना लावून रडल्या. साहेबही रडला, म्हणजे बघा. पुढे ते चित्र दर वर्षी मागवलं, आणि भोंगा बरा असला तरी गाव म्हणायचं, तो बंद करा, धाकू-सीतारामला उभं करा. मुंबईत मोठमोठी थेटरं झाली, पण परक्या मुलखातल्या माणसाला कोळी बोली बोलायला लावणारे आम्ही दोघंच. आजही छाती फुगते.

तेजलला मी ताटली, धुकं, कोट असं सगळं सांगितलं. तिने फोनवर शोधून ते टीव्हीवर लावलंसुद्धा. भर दुपार होती. तिने पडदे ओढले. सीतारामची खुर्ची समोर घेतली. पाहुण्याने तोंड उघडलं आणि मला पहिल्यांदा त्याचा खरा आवाज ऐकू आला. पातळ, शिष्ट, नाकातला.

"शी," मी म्हणालो. "सर्दी झालेल्या मास्तरासारखा. बंद कर तो आवाज, तेजल. सीत्या, तयार हो."

तिने आवाज बंद केला. मी उभा राहून सांगू लागलो. पहिल्यांदा "आणि तो म्हणाला..." असं म्हणून सवयीने थांबलो. पंखा फिरत होता. सीतारामचं तोंड अर्धवट उघडं होतं. काही नाही. तेजलने मान खाली घातली. मी हसून वेळ मारून नेली आणि पुढे सरकलो.

दाराचा प्रसंग आला. धुकं. लांब कोट. खोलीत खाडीच्या चिखलाचा वास येऊ लागला. मला वाटलं, सोड्यांचा डबा उघडा राहिला.

"आणि तो म्हणाला..."

"दार उघड गो आये. दर्यान जाम थंडी हाय."

भरदार, ओला. तरणा सीताराम.

तेजल दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. "काका, हुबेहूब काढलात हो. अगदी बाबा."

"तेजल... मी नाही बोललो."

"आता थट्टा नको, काका."

"आईची शपथ... मी नाही."

आवाज टीव्हीतून आला होता. आवाज बंद केल्याची खूण पडद्यावर तशीच होती. आणि पाहुण्याचे ओठ... ते त्या बोलीवर बरोबर हलले होते. मी सीतारामकडे वळलो. त्याचेही ओठ हलत होते. तेजल त्याच्या पायाशी बसली. "बाबा? बोला बाबा, मी तेजू."

सीतारामने तिच्याकडे पाहिलं. अदबीने, दारात प्रथमच भेटलेल्या बाईकडे बघावं तसं. मग पातळ, शिष्ट, नाकातल्या आवाजात तो म्हणाला, "गुड इव्हनिंग, मॅडम. मे आय कम इन?"

डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही सांगता येत नाही, कुठेतरी ऐकलेलं वर येतं. असेल. पण त्या दिवसापासून तो इंग्रजीच बोलतो, चहासाठी थँक्यू म्हणतो, आणि सोड्यांना तोंड लावत नाही.

गावात सांगितलं तर सगळे हसले. म्हणाले, धाक्या, म्हातारपणी दोन दोन आवाज काढतोस, मानलं तुला. आयुष्यभर ज्याची त्याची फिरकी घेतली, आता कोण ऐकणार? पण एक सांगतो, ही शाबासकी मी घेणार नाही. ती सीतारामची. इतकी वर्षं तो पाहुणा पडद्यावर असून कोणाच्या लक्षात नव्हता. सीत्याच्या आवाजाने त्याच्यात जीव आला.

तेजलला हवं होतं ते मिळालं. रोज दुपारी ती टीव्ही लावते, आवाज बंद करते, आणि मला फोन लावून म्हणायला सांगते, "आणि तो म्हणाला..." मग बापाचा आवाज ऐकते. खुर्चीतला गप्प बसून असतो.

काल मी स्वतः गेलो होतो. दाराचा प्रसंग आला, मी थांबलो. पाहुण्याने या वेळी त्या घरातल्या बाईकडे पाहिलं नाही. तो सरळ बाहेर, आमच्याकडे बघत होता.

"तेजू," तो म्हणाला. "माजे खुर्चीन यो कोन बसलाय?"

तेजल उठून टीव्हीपाशी गेली, काचेला हात लावला. "बाबा..." एवढंच म्हणाली, तोच पडदा काळा झाला.

मी मागे वळलो. रिमोट खुर्चीतल्याकडे होता. त्याने तो उजव्या हातात धरला होता.