टेबलाच्या पलीकडची स्क्रीन

त्या फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवलेली छोटी स्क्रीन दिसतेय ना, ती विकायची नाही. तुम्ही विचारलंत म्हणून राग नाही, येणारा प्रत्येक जण विचारतो. केबल नाही, मागचं झाकण उघडं, आतलं सर्किट काढून डब्यात ठेवलेलं. असली वस्तू कुणी दुकानात कशाला सांभाळेल? तुमचा लॅपटॉप सुरू व्हायला अजून वेळ आहे. तो दिवा जरा इकडे ओढा आणि बसा, सांगतो.

माझी थोरली बहीण घरी टायपिंगची कामं करायची. भाऊजींची सगळी हयात छापखान्यात मजकुरातल्या चुका तपासण्यात गेली. पुढे त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. मग दोघांनी एक पद्धत बसवली. ताई टेबलाच्या अलीकडे बसून लॅपटॉपवर टाइप करणार आणि भाऊजी पलीकडे, तिच्या समोर बसून ते वाचणार. त्यांच्यासाठी ती छोटी यूएसबी स्क्रीन मीच जोडून दिली होती. एकाच केबलमधून वीजही जाते आणि चित्रही. चूक दिसली की भाऊजी पेन्सिलीनं टेबलावर एकदा टक करायचे. सगळं बरोबर असेल तर दोनदा.

हळूहळू त्यांचा संसारच त्या आवाजावर चालायला लागला. चहा ठेवू? टक टक. खिडकी लावून घेऊ? टक. मी चेष्टा करायचो, "भाऊजी, बायकोच्या चुका काढता आणि ती निमूट ऐकून घेते, नशीब काढलंत." ते हसायचे, म्हणजे नुसते खांदे हलायचे, आणि पेन्सिल दोनदा वाजायची.

भाऊजी गेले. त्याला वर्ष होत आलं असताना एका दुपारी ताईचा फोन आला.

"छोटू, ती समोरची स्क्रीन लागत नाही रे. लॅपटॉप ओळखतच नाही तिला."

माझ्या डोक्याला टक्कल पडलं तरी ताईला मी छोटूच. मी म्हटलं, येतो. खरं तर मला निमित्तच हवं होतं. ती जेवत नव्हती, कुणाकडे जात नव्हती, आणि माझ्याकडे राहायला चल म्हटलं की विषय बदलायची. तिला त्या घरातून बाहेर काढायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

आभाळ भरून आलं होतं. तिच्या खोलीत दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखा उजेड होता. बंद घराचा कुबट वास येत होता आणि त्यात ताज्या तासलेल्या पेन्सिलीचा. ताई फार वाळली होती. तिच्या बोटातली जाड चांदीची अंगठी सैल होऊन फिरत होती. बोलताना ती अंगठी सारखी टेबलावर आपटायची, टिण् टिण्.

मी कामाला लागलो. केबल बदलली. ती लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावून पाहिली. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, मशीन रीस्टार्ट केलं. सेटिंगमध्ये जाऊन शोधायला लावलं. दुसरी स्क्रीन सापडली नाही, असंच उत्तर पुन्हा पुन्हा.

शेवटी मी माझा नेहमीचा उपाय केला. माऊसचा बाण कडेपर्यंत ढकलत न्यायचा. कॉम्प्युटरला एकच स्क्रीन माहीत असेल तर बाण कडेला अडतो. दुसरी आहे असं त्याला वाटत असेल, तर बाण कड ओलांडून तिकडे निघून जातो. मी उजवीकडे नेला, अडला. डावीकडे, अडला. खाली अडला. वर नेला आणि तो गेला. भाऊजींची स्क्रीन मी सेटिंगमध्ये वरच्या बाजूलाच लावून दिली होती.

मी माऊस खाली ओढला. बाण आला नाही. मी हात काढून घेतला. थोड्या वेळानं तो आपला आपण, सावकाश, खाली उतरला.

"तो असाच जातो," ताई शांतपणे म्हणाली. "आणि येतो परत."

"सेटिंग बिघडलंय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

मी छोटी स्क्रीन उलटी करून मागचं झाकण उघडलं. केबल जिथे खोचतात ती खाच सर्किटवरून पार उखडली होती. आता हिच्यात वीज जाणंच शक्य नव्हतं, मग ओळखणार कोण? मला हायसं वाटलं. बिघाड हातात दिसला की माझं डोकं ताळ्यावर येतं.

"दुकानात न्यावी लागेल. सोल्डरिंगचा डाग दिला की होईल."

"इथेच कर ना."

"ताई, माझं सामान तिकडे आहे. आणि एवढी घाई कशाची? वाचणारं कोण आहे आता?"

हे बोलायला नको होतं. ती बराच वेळ अंगठी फिरवत राहिली.

"मला त्यांना एकच गोष्ट विचारायची आहे," ती म्हणाली. "तेवढी चालू करून दे. मग तू म्हणशील तसं करीन."

"माझ्याकडे राहायला येशील?"

"ते नाही म्हणाले तर येईन."

दुःखात माणूस काहीही बोलतो, असं मी धरून चाललो. स्क्रीन पिशवीत घातली. निघताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोटभर जेवत जा रे." जी स्वतः जेवत नव्हती ती मला सांगत होती.

दुकानात आलो तेव्हा बाहेर दिवेलागण झाली होती. हेच टेबल. तुम्ही बसलाय ती खुर्ची तेव्हाही समोर होती, रिकामी. मी सर्किट काढून बाजूला ठेवलं, डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. स्क्रीनची काच नुसती टेबलावर उताणी पडली होती. केबल नाही, सर्किट नाही. एक वायरसुद्धा तिला चिकटलेली नव्हती.

ती उजळली.

आधी वाटलं, दिव्याचं प्रतिबिंब आहे. मी दिवा बाजूला केला. काच उजळलेलीच होती आणि तिच्यावर अक्षरं उमटत होती. एकेक करून, ताईच्या हाताच्या वेगानं.

*छोटू येऊन गेला. थकलेला दिसतो. तुमची स्क्रीन घेऊन गेलाय.*

मी फोन उचलून ताईला लावला. घंटी वाजत राहिली. इकडे अक्षरं थांबत नव्हती.

*फोन वाजतोय. त्याचाच असणार. आता नाही घेत.*

मग जरा वेळ काहीच नाही. नुसती ती उभी रेघ उघडझाप करत होती. मग...

*मला इथे करमत नाही. मी तुमच्याकडे येऊ का?*

काय करणार होतो मी? त्या काचेवर मला काही लिहिता येत नव्हतं. फोन ती घेत नव्हती. तिचं घर जवळ नव्हतं. आणि अचानक ध्यानात आलं, मी भाऊजींच्या जागी बसलोय. काचेच्या या बाजूला. तिचं वाचतोय. मला एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. मी पेचकस उचलला आणि त्याच्या मुठीनं टेबलावर टक केलं. एकदाच. जोरात. मग पेचकस लांब फेकून दिला, दोन्ही हात छातीशी घट्ट धरून बसलो.

रेघ उघडझाप करत होती. नाही म्हटलंय मी, मनात म्हणत होतो, ताई, नाही म्हटलंय...

समोरून, त्या रिकाम्या खुर्चीपुढच्या कडेवरून आवाज आला. टक. लाकडावर पेन्सिल वाजावी तसा. हलकेच.

दोन झाले.

*बरं,* असं काचेवर उमटलं आणि काच काळी पडली.

मी दुकान तसंच उघडं टाकून धावत सुटलो, वाटेत मिळाली ती रिक्षा पकडली. ताईच्या दाराला आतून कडी होती. शेजाऱ्यांना बोलावून दार फोडलं. चपला जागेवर, चष्मा टेबलावर, फोन माझ्या न घेतलेल्या कॉलसह पडलेला. खिडक्यांना आतून खिट्ट्या. घरात कुणीच नव्हतं. लॅपटॉपवर पान कोरं होतं. आणि ताईची खुर्ची टेबलाच्या अलीकडे नव्हती. ती पलीकडे होती, भाऊजींच्या खुर्चीला लागून.

खूप शोधलं. पोलीस झाले, दवाखाने झाले. लोक म्हणाले, बाई भ्रमिष्ट होऊन कुठे तरी निघून गेली. दाराच्या कडीबद्दल मी सांगितलं की ते माझ्याकडेच विचित्र नजरेनं बघायचे. मग मी सांगणं सोडलं.

माझ्या एका टकनं भाऊजींचं टक पूर्ण झालं की काय, हा विचार मला झोपू देत नाही. मी गप्प बसलो असतो तर एकच वाजलं असतं. एक म्हणजे नाही. ती आज माझ्या घरी असती, मला जेवायला वाढत असती.

स्क्रीन मी दुरुस्त केली नाही. तशीच ठेवली. रोज दुकान बंद करताना मात्र तिला खाली उतरवतो, त्या समोरच्या खुर्चीकडे तोंड करून ठेवतो आणि माझ्या मशीनवर एक ओळ टाइप करतो. केबल वगैरे लावत नाही. ताई, तिथे बरी आहेस ना? एवढंच विचारतो.

उत्तर येतं. पेन्सिलीचं नाही, टेबलावर अंगठी आपटल्याचं. टिण्. एकदाच.

मग मी दिवा न विझवता बसून राहतो, दुसऱ्यांदा वाजेल म्हणून. अजून कधी वाजलेलं नाही.