इतर महिला

पाथरवटाचं काम म्हणजे काय, तर कागदावर असेल ते दगडावर आणायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. म्हणून तर जुन्या तुरुंगाच्या अंगणात, भर दुपारी, स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगलेल्यांच्या शिळेवर तो एकतीस पुरुषांची नावं निमूटपणे कोरून मोकळा झाला होता. शेवटची ओळ उरली होती, 'व इतर महिला'.

"साहेब, बायकांची नावं?" त्यानं सकाळीच कारकुनाला विचारलं होतं.

"अरे बाबा, गोऱ्यांनी लिहिलीच नाहीत, तर मी कुठून आणू?" कारकुनानं तुरुंगाची जुनी वही पुढे सरकवली. "हे बघ. अमक्याची बायको, तमक्याची आई. ही बघ, पाथरवटाची बहीण. तुमच्यापैकीच दिसतेय कुणीतरी!"

कारकून हसला. पाथरवट हसला नाही. वहीतला पाथरवट म्हणजे त्याचा बाप, आणि ती त्याची सख्खी आत्या होती. पदराखाली पत्रकं लपवून गावभर फिरायची. उशिरा परतली की अंगठीनं दारावर वाजवायची, ठकठक... ठक. सात वर्षांचा हा धावत जाऊन कडी काढायचा. तुरुंगातून सुटून आली त्या रात्रीही तसंच वाजलं. हा उठला, तर बापानं दंड धरला. "इतके दिवस कुणाकुणात राहिली, देव जाणे. उघडायचं नाही." ती कितीतरी वेळ वाजवत राहिली, मग निघून गेली. गोऱ्या साहेबानं दीड वर्षानं का होईना, दार उघडलं होतं. घरच्यांनी तेवढंही केलं नाही.

'महिला'तला 'म' झाला. त्यानं घाम पुसायला छिन्नी खाली ठेवली. ठोक्यांचा आवाज मात्र थांबला नाही.

शिळेच्या मागून येत होता. ठकठक... ठक.

तो मागे गेला. कुणीच नव्हतं. बायकांच्या बराकीचं गंजकं दार, आतून येणारा कोंदट वास, बस. त्यानं शिळेला हात लावला. उन्हानं तापलेला दगड तेवढ्याच जागी गार होता, आणि ठोके आतून बोटांना लागत होते.

"आत्या..." त्याला रडू फुटलं. "चुकलं गं माझं. तुझं नाव कोरतो. आत्ता कोरतो. काम गेलं तर गेलं..."

त्यानं छिन्नी टेकवली, हातोडा उचलला. हात तसाच वर राहिला.

नाव काय तिचं? तो तिला आत्याच म्हणायचा. त्या रात्रीनंतर बापानं घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं. विचारायला आता जुनं कुणी उरलंही नव्हतं.

"आत्या... तुझं नाव काय गं?"

ठोके बंद झाले.

संध्याकाळी तो घरी जेवायला बसला होता. दारावर वाजलं. ठकठक... ठक.

"उघडू नकोस!" तो ओरडला. आवाज त्याला हुबेहूब आपल्या बापाचा वाटला. पण नातीनं तोवर कडी काढली होती.

"आजोबा, कितीतरी बायका आल्यात," ती दारातूनच म्हणाली. "पुढच्या बाईंना नाव विचारलं, तर म्हणतात... तुझ्या आजोबांनाच विचार."